नकाशावरची खिडकी

आमच्या चाळीच्या जागी सात मजले होणार आणि तळमजल्यावर बेघरांसाठी निवारा, असा नकाशा फलकावर लागला. त्यावर चाळ अशी गरजली की चार गल्ल्यांतले कावळे गाव सोडून गेले. सगळ्यांत मोठा आवाज बापूकाकांचा. "निवारा? मी जिवंत असेपर्यंत एक वीट बसू देणार नाही!"

"मग जिना पाडल्यावर शेवंता कुठं झोपेल हो?" शेजारच्या माईंनी विचारलं. शेवंता म्हणजे वीस वर्षं आमच्या जिन्याखाली झोपणारी भाजीवाली.

काकांनी आवाज न चढवता चष्मा चढवला. आमच्याकडे हे ग्रहणाहून दुर्मीळ. मग नकाशाला नाक लावून ते पुन्हा गरजले, "अरे, ह्या निवाऱ्याला खिडकी कुठंय? तिला काय गुदमरवता?"

पेन काढून त्यांनी स्वतःच खिडकी काढली, हत्ती अंबारीसकट आत यावा एवढी. आमच्या लोकांचा आवाज आधी पोचतो, मन जरा मागून येतं. पण येतं ते वाजतगाजत. खिडकीखाली सगळ्यांनी सह्या केल्या. पहिली सही आपली, असं आता बावीसही बिऱ्हाडं सांगतात, आणि मला ते सगळ्यांचंच खरं वाटतं.