इंजिन चालू ठेवून

मृत माणसं काहीतरी मोठं सांगायचं असल्याशिवाय स्वप्नात येत नाहीत. माझे सासरे टोमणा मारायला येतात.

रविवार, दुपारचं जेवण झालेलं. मी दिवाणावर आडवा, डोळे अर्धे मिटलेले. दिवाण हळूच पुढं सरकतो आणि लक्षात येतं, ही अण्णांच्या चौसष्ट सालच्या गाडीची पुढची सीट आहे. शेजारी अण्णा. जाऊन आठ महिने झाले, तरी सदऱ्याची इस्त्री मोडलेली नाही.

"विकताय म्हणे, जावईबापू?"

"उद्या भंगारवाला येतोय. दुसऱ्या गिअरच्या पुढं जातच नाही, अण्णा. गिअरबॉक्स गेला."

"कोण म्हणतं?"

"मी स्वतः बघितलं. त्याचं तेल डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत आहे. मग दुसरं काय असणार?"

समोर कृष्णेवरचा पूल. गाडी नुसती घोंघावते, वेग घेत नाही. पूल संपतो तिथं दवाखान्याचा व्हरांडा लागतो. आम्ही अण्णांच्या कॉटपाशी थांबतो. कॉटवर माझी बायको नीलांबरी, गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरून. भंगारवाल्याचं ठरल्यापासून, म्हणजे आठवडाभर, ती माझ्याशी फक्त भाजीबद्दल बोलते.

अण्णा काखेतून डिपस्टिक काढतात, थर्मामीटरसारखी.

"बघताना इंजिन बंद होतं?"

"अर्थात. सगळ्या गाड्यांचं तसंच बघतात."

"क्लचवाल्या गाड्यांचं. हिचे गिअर आपोआप पडतात. बंद केली की वरचं तेल खाली उतरतं, अन् कमी असलं तरी भरलेलं दिसतं. गरम करायची, चालू ठेवायची, मग बघायचं." ते डिपस्टिक माझ्यासमोर धरतात. "माझंही तुम्ही असंच बघायचात. मी झोपल्यावर यायचात आणि घरी जाऊन सांगायचात, अण्णा बरे आहेत."

ते डिपस्टिक शांतपणे माझ्या अंगठ्याला पुसतात.

"चिंधी नाही हो इथं."

जाग येते. अंगठ्यावर लाल तेल. या गिअरबॉक्सचं तेल लालच असतं.

मी तसाच खाली जातो. वीस मिनिटं इंजिन चालू ठेवतो, डिपस्टिक ओढतो. टोक कोरडं ठणठणीत. मागं नीलांबरी येऊन उभी आहे.

"उद्या नको म्हणून कळवतो त्याला," मी म्हणतो.

"चालू ठेवून बघायचं, हे कुणी सांगितलं तुला?"

मी अंगठा पुढं करतो. "अण्णांनी."

ती माझा हात धरते. बराच वेळ डागाकडं बघते. मग वास घेते.

"लोणचं आहे," ती म्हणते.