काचघराच्या गाठी

परसातल्या त्या खोलीत काच औषधालाही नव्हती, सगळं प्लॅस्टिकच. तरी घड्याळजी तिला काचघर म्हणायचे. "नाव मोठं ठेवलं की वस्तू लाजेकाजेस्तव तरी उभी राहते," हे त्यांचं म्हणणं. जुन्या पाइपांचा सांगाडा, आत लिंबाची आणि मिरचीची रोपं, बसायला दोन स्टुलं. सांगाड्याचे चारही पाय त्यांनी जमिनीतल्या लाकडी खुंट्यांना दोरीने बांधले होते. "हे तात्पुरतं हं. पक्कं पुढे करू."

ते पुढे आलंच नाही. दीड वर्षापूर्वी घड्याळजी गेले आणि तात्पुरतं तेवढं मागे राहिलं.

त्यांची बायको म्हणजे गल्लीची टेलरबाई. रोज दुपारी मशीन झाकून त्या काचघरात जाऊन बसत. एका स्टुलावर आपण, दुसरं रिकामं. वारा सुटला की सैल दोऱ्या खुंट्यांवर घासत, कुर्र... कुर्र... घड्याळजी खुर्चीत सरकून बसत तेव्हा अस्साच आवाज व्हायचा. "ऐकतेय हो, ऐकतेय," बाई म्हणत, आणि दिवसभरातलं काहीबाही सांगत बसत.

मागच्या आठवड्यात वाऱ्याने एक पाय वीतभर उचलला आणि प्लॅस्टिकची कड सुटली. बाईंनी जाड सुई घेतली, मेण लावलेला दोरा घेतला आणि कड पाइपाला शिवून टाकली. एकाला एक लागून, बारीक टाके. चाळीस वर्षांचा हात! कापड असतं तर जन्मभर हललं नसतं. दुसऱ्या दिवशी साधी झुळूक आली आणि प्लॅस्टिक टाक्यांच्या ओळीवरून टर्रकन फाटलं, पोस्टाचं तिकीट फाटावं तसं.

त्यात मुलीचा फोन. "आई, परवा मोठं वादळ सांगतायत. ते काढून टाक एकदाचं, आणि ये इकडे. तिथे आहे कोण आता?"

"बघते," म्हणून बाईंनी फोन ठेवला. कोण आहे ते सांगितलं असतं, तर पोरीने डॉक्टरच गाठला असता.

शेवटी त्यांनी शेजारच्या वेल्डरला हाक मारली. त्याने फाटलेली कड पाहिली आणि त्याला हसू आवरेना. "वहिनी, काचघराला ब्लाउज शिवलात की काय?"

"हसू नका भाऊजी. टाके चांगले बारीक होते."

"तेच तर नडलं! प्लॅस्टिकला जितकी भोकं, तितक्या फाटायच्या वाटा. याला सुई लावायचीच नाही, दोन पट्ट्यांमध्ये दाबून धरायचं." मग तो वाकला आणि एकेक पाय हलवून बघू लागला. "पण खरं दुखणं खाली आहे. वारा आत शिरतो आणि छत्रीसारखं उचलून नेतो. चारी कोपऱ्यांना लांब गज तिरके ठोकू, पाय त्यांना बोल्टने आवळू. आधी या खुंट्या उपटतो." त्याने दोरी कापायला पक्कड काढली.

"थांबा!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की त्या स्वतःच दचकल्या. "त्या गाठी त्यांच्या हातच्या आहेत."

वेल्डरने पक्कड खिशात घातली. मग हळूच म्हणाला, "दादाच म्हणायचे ना वहिनी, तात्पुरतं आहे म्हणून?"

बाई गाठीकडे बघत राहिल्या. तात्पुरतं. म्हणजे कच्चा टाकाच की. शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना त्या नेहमी बजावायच्या, पक्की शिवण पडेपर्यंत कच्चा दोरा उसवायचा नाही, आणि पडल्यावर ठेवायचा नाही. कच्च्या दोऱ्यासकट कपडा गिऱ्हाइकाकडे गेला तर नाचक्की शिवणाऱ्याचीच.

"आधी शेजारी गज ठोका," त्या म्हणाल्या. "गाठी मी मागून सोडवते. कापायच्या नाहीत."

संध्याकाळपर्यंत गज बसले, बोल्ट आवळले गेले, प्लॅस्टिक पट्ट्यांखाली दबलं. मग बाई जमिनीवर बसल्या आणि देवाचं नाव घेत एकेक गाठ सोडवू लागल्या. तीन सुटल्या. चौथी सुटता सुटेना. सुईचं टोक घालून घालून ती सैल केली. चारही दोऱ्या त्यांनी एका रिकाम्या रिळाला गुंडाळल्या.

वादळ आलं ते तिसऱ्या दिवशी, भर दुपारी. आत बसू नका, असं वेल्डरने दहादा बजावलं होतं. बाई बसल्याच. बाहेर कुणाचा पत्रा उडाला, झाडं जमिनीला टेकली. काचघर तसूभर हललं नाही.

फोन वाजला. "आई, पडलं का गं?"

"नाही. खांबासारखं उभं आहे."

"मग आवाज का असा तुझा?"

"काही नाही गं. फार शांत आहे इथे."

फोन ठेवून त्या रिकाम्या स्टुलाकडे वळल्या. "झालं बरं का पक्कं तुमचं."

वारा घोंघावत होता. आत मात्र काहीच कुरकुरलं नाही. बाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग उठून मिरच्यांना पाणी घातलं.