कडीच्या आतली मालिका

ऑफिसात फोन आला तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होतो. दवाखान्यातून माझा मुलगा बोलत होता. "बाबा, मोठीआई गेली." मोठीआई म्हणजे माझी अनसूयावहिनी, थोरल्या भावाची बायको. आठ दिवसांची कावीळ, आणि संपलं. सदरच्या ऑफिसातून सायकल मारत घरी आलो, पण रस्त्यात रडू आलं नाही. तिसऱ्या दिवशीही आलं नाही, आली ती किळस. त्या दिवशी गुरुवार होता. भेटायला आलेली गल्लीतली सहा-सात माणसं समोरच्या खोलीत सतरंजीवर बसून "सुटली बिचारी" म्हणत होती. टीव्हीवरच्या मालिकेची वेळ झाली तसा त्यातला एक जण घड्याळाकडे पाहून मला म्हणाला, "नामदेवभाऊ, आवाज कमी ठेवून लावता का? तिलेही लय आवडे म्हणतात."

तिला आवडायची... वहिनीने ती मालिका एकदाही धड पाहिलेली नव्हती. का पाहिली नव्हती ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

मालिकेचं नाव मी लिहिणार नाही, तिच्यावर एवढी शाई पुरे. एका घरात एक वेडा काका असतो. तो लुंगीवर कोट घालतो, खुंटीवरच्या कपड्यांशी गप्पा मारतो, दूधवाल्याला सलाम ठोकतो. त्याने तोंड उघडलं की डब्यात भरून ठेवलेलं, न दिसणाऱ्या माणसांचं हसू बाहेर येतं, आणि शेवटच्या दोन मिनिटांत व्हायोलिन वाजून सगळं घर त्याला मिठी मारतं. अर्ध्या तासात वेडही झालं, प्रेमही झालं. त्या काकाची लुंगी प्रत्येक वेळी इस्त्रीची असते. ती कोण धुतं, रात्रीची चादर सकाळी नळावर कोण नेतं, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नाही. माझ्या घरात ठाऊक होतं.

आम्ही विणकर. माझे वडील, त्यांचे वडील, सगळे मागावर बसून म्हातारे झाले. दादा नऊवारी लुगडी विणायचा आणि त्याच्या काठाचं नाव उमरेडपर्यंत होतं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी कॉलेजात होतो, सगळ्या कुळात पहिलाच. मी समोरच्या खोलीत मोठ्याने वाचायचो आणि मागच्या खोलीत ती चरख्यावर कांड्या भरायची, म्हणजे विणायला लागणारं सूत नळीवर गुंडाळायची. वहिनी चौथी पास. पण सकाळी भाकरी वाढता वाढता भिंतीपलीकडून ऐकलेला इतिहास मला म्हणून दाखवायची, आणि मी जिथे अडखळलो असेन तिथे मुद्दाम अडखळायची. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा तिने गल्लीभर गूळ-फुटाणे वाटले. "आमचे भाऊजी पास झाले," म्हणायची आणि हळूच जोडायची, "अन् मीही."

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी एका दुपारी दादाने अर्ध्यावर आलेलं लुगडं मागावरून कापलं. "धागे बोलून राहिले," म्हणाला. "मले ऐकू येते, तुमाले काहून येत नाही?" आधी अंगारे झाले, मग डॉक्टर झाले. गोळ्यांनी त्याला झोप यायची आणि बोलणं थांबायचं. जागा झाला की पुन्हा धागे. नातेवाइकांना काय सांगायचं हा प्रश्न आला तेव्हा "दादाले दमा आहे" हे उत्तर मी शोधून काढलं. माझ्या पदवीचा घराला झालेला तो पहिला उपयोग. पुढे वीस वर्षं आम्ही सगळे त्या दम्यावर जगलो. वहिनीचा भाऊ मौद्याहून तिला न्यायला आला होता. तिने पिशवीसुद्धा भरली नाही. "मी गेली तं यायले जेवू कोण घालन? अन् हे बोलतात तं कोणाशी बोलतीन?" एवढंच म्हणाली आणि भावाला चहा देऊन परत पाठवलं.

गल्लीत पहिला टीव्ही माझ्याकडे आला. दारावर नाव आणि नावापुढे बी.ए. अशी पाटी, वर पत्र्यावर अँटेना. मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. मालिकेच्या पहिल्या गुरुवारी खोली माणसांनी भरली होती. दादा आतून आला आणि सगळ्यांत पुढे मांडी घालून बसला. पडद्यावरच्या काकाने खुंटीला विचारलं, "तब्येत कशी आहे?" तर दादाने खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "बरी आहे! तुमची?" सगळी खोली लोळून हसली. मला शिसारी आली. शिसारी कुणाची, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना एक पितळी कडी आणली आणि मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून बसवली.

वहिनी बघत उभी होती. "भाऊजी, त्यायचं काय चुकलं? त्या माणसानं विचारलं, यायनं उत्तर देलं." मी स्क्रू पिळत राहिलो. मग ती म्हणाली, "एकट्याले कोंडू नका. मी बसते संग." आणि पुढे दर गुरुवारी माणसं जमायच्या आधी ती स्वतःच दादाला घेऊन आत जायची. कडी मी लावायचो.

अशाच एका गुरुवारी मी पाणी आणायला मागे गेलो. चरखा थांबलेला होता. दाराशी वहिनीचा आवाज ऐकू आला. समोरच्या खोलीतून येणाऱ्या आवाजावर ती दादाला मालिका सांगत होती, पण स्वतःची. "आता पाहा, काका आले. खुंटीले म्हणतात, कशी काय? खुंटी म्हणते, मी बरी आहे जी, पन या घरातले लोकं जरा पागल वाटून राहिले." आणि दादा हसला... ते हसू मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "मंग?" त्याने विचारलं. "मंग काकाचा लहान भाऊ आला. बी.ए. पास. आता तो दरवाजाले कान लावून उभा आहे. आतमंदी या म्हणा, भाऊजी. कडी तुमच्याच हाती आहे."

मी कडी काढली नाही. पाण्याचा तांब्या घेऊन समोर आलो आणि इतरांत बसून हसलो.

जायच्या पंधरा-वीस दिवस आधी तिने मला एकच गोष्ट मागितली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. "एक गुरुवार आमाले समोर बसू द्या. मी यायले सांगून राहिली ते बरोबर आहे का, पाहू तं द्या." मी म्हणालो, पुढच्या गुरुवारी. पुढच्या गुरुवारी उमरेडची माणसं माझ्या मुलीला पाहायला येणार होती. मी म्हणालो, त्याच्या पुढच्या. उमरेडची माणसं आली, पोहे खाल्ले, मालिका पाहिली. मुलाचे वडील पोट धरून हसत म्हणाले, "आमच्या खानदानात असा एकही नाही बरं!" भिंतीपलीकडचा चरखा त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसलो. ते हसू अजून माझ्या तोंडात आंबट होऊन बसलं आहे. त्याच्या पुढच्या गुरुवारी वहिनीचे डोळे हळदीसारखे झाले होते आणि ती दवाखान्यात होती.

मुलीची सोयरीक जमली आहे. हे छापून आलं की उमरेडला वाचतील. वाचोत. माझ्या भावाला दमा नाही, कधीच नव्हता.

गेल्या गुरुवारी मी गल्लीला सांगितलं, आजपासून कुणी येऊ नका. मग पेचकस घेऊन कडी काढली. दाराच्या लाकडात चार भोकं राहिली. दादाला हात धरून समोर आणलं, माझ्या खुर्चीवर बसवलं, टीव्ही लावला. आपण फार मोठं काही करतो आहोत असं मला वाटत होतं, तेही सांगून टाकतो. संगीत वाजलं, कोट घातलेला काका आला, डब्यातलं हसू आलं. दादा दोन मिनिटं पाहत राहिला. त्याच्या तोंडावर काहीच हललं नाही. "हे नाही," म्हणाला आणि उठला.

मी मागोमाग गेलो. तो मागच्या खोलीत चरख्याशेजारी बसला होता. भिंतीला पाठ, हात मांडीवर, चेहरा दाराकडे. शेजारी एका माणसापुरती जागा सोडलेली. मी विचारलं, "काय पाहिजे, दादा?"

"कडी लाव ना गा, नामा," तो म्हणाला. "कडी लावल्याबिगर तिचं सुरू होत नाही."

कडी माझ्या खिशात होती.