आलोच

धाकट्या,

तू खालच्याच मजल्यावर राहतोस आणि मी पत्र लिहितेय, म्हणून दात काढू नकोस. माझे गुडघे जिना उतरू देत नाहीत, आणि तुला हाक मारली की तू ‘आलोच’ म्हणतोस. शब्दकोशात अर्थ काहीही असो, आपल्या घरात ‘आलोच’ म्हणजे जेवायला थांबू नका.

कुलूपवाला म्हणून तुझं काम चोख, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक कुलूप उघडून तुझं भागत नाही. कुलपाला तेल दिलं की बिजागरी कुरकुरते, ती झाली की खिडकीची खिटी. लोक भिडेखातर चहा विचारतात, तू त्यांचे ड्रॉवर उपसून बसतोस.

त्या दिवशी तुझी बायको बहिणीकडे निघाली होती. अकराची बस, पिशवी भरलेली, पायात चपला. तू सोडायला जाणार होतास. दहाला निरोप आला की एका मास्तरांची किल्ली घरातच राहिलीय. ‘आलोच,’ म्हणालास, आणि उगवलास साडेचारला, मास्तरांच्या सात दारांना तेल देऊन.

दाराला आतून कडी. खिशात झुबकाभर किल्ल्या, पण कडीला कुठली किल्ली लागणार? गावाची दारं उघडणारा स्वतःच्या पायरीवर बसला. मला हाक मारलीस. तेव्हा गुडघे धड होते, उतरले, वकिली केली. चुकला गं, म्हटलं, उघड आता. आतून अगदी थंडपणे उत्तर आलं,

“वन्सं, त्यांना सांगा, आलेच.”

दोन तास आपण पायरीवर. आत ती एकेक डबा घासत होती, आपल्याला ऐकू यावं अशा बेताने. तू चार वेळा विचारलंस, चारही वेळा तेच उत्तर. दार उघडलं तेव्हा तिच्या पायात सकाळच्याच चपला होत्या.

दुसऱ्या दिवशी तिला स्टँडवर तासभर आधी नेऊन बसवलंस. तेव्हापासून तिला ‘चारला येतो’ सांगतोस आणि चारला येतोस. सुधारलास, पण तिच्यापुरताच.

कारण त्याच पायरीवर मी म्हटलं होतं, नुसता बसलायस तर वर चल, माझ्या कपाटाच्या कुलपात किल्ली तुटलीय, चांगला चष्मा आत आहे. तू दारावरची नजर काढली नाहीस.

“ही कधीही उघडेल, ताई. तेवढं होऊ दे, आलोच.”

याला तीन वर्षं झाली. हे पत्र जुन्या चष्म्यानं लिहिलंय. ओळी वाकड्या दिसल्या तर दोष कुणाचा ते तुला ठाऊक आहे.