धाकटीच्या हातची चापट

पोलीस ॲक्शननंतर आमची बिदरकडची उर्दू शाळा मराठी झाली. मी तोवर मौलवीसाहेबांकडे तीन इयत्ता शिकलो होतो. मला पुन्हा खालच्या वर्गात बसवलं. त्यामुळे मी आणि धाकटी बहीण एकाच वर्गात आलो. तिचं सगळं पहिल्यापासून मराठीत. माझे पाढे उर्दूत पाठ, आणि पाठ झालेला पाढा काही टोपीसारखा काढून ठेवता येत नाही. आज इतक्या लांब परमुलखात राहतो, तरी हिशेब आधी मनात उर्दूतच होतो. मग कुणी ऐकलं तर नाही ना, असं बघून मी मराठीत बोलतो.

गणिताचे मास्तर सोलापूरकडून आलेले. ना आम्ही त्यांना आवडत होतो, ना ते आम्हाला. त्यांची एक रीत होती. पोराचं उत्तर चुकलं की ज्याचं बरोबर आलं त्यानं त्याच्या थोबाडीत मारायची. पोरींना मात्र मास्तरांची छडी. मास्तर खुर्चीत बसून बघत. गणित म्हणजे आज कोण कुणाला मारणार, एवढंच आम्हाला कळायचं.

एकदा मला विचारलं, "सतरा चोक?"

"अडसठ," तोंडातून गेलंच.

"निजाम गेला रे. तुला कुणी सांगितलं नाही का?" वर्ग हसला. मास्तरांनी धाकटीकडे बोट केलं.

"अडुसष्ट," ती हळू म्हणाली.

"ऊठ. दे त्याला."

ती आली आणि माझ्या गालाला तिनं नुसता हात लावला.

"हळद लावतेस काय गं नवरदेवाला?" मास्तर उठले, तिचं मनगट धरलं आणि तिच्याच हातानं माझ्या थोबाडीत वाजवली.

तो नुसता लावलेला हात, त्याचे उपकार मी अजून मानतो.

दुसऱ्या दिवसापासून धाकटीला काहीच येईना. चालता चालता पाढे म्हणणारी पोर, बारा दुणे विचारलं तरी गप्प. छडी घ्यायची आणि खाली बसायची.

वाटेत मी म्हणालो, "येतंय की तुला. सांगत कामून न्हाईस?"

"तू बसलेला असतूस की, अण्णा."

तिला शाळेत घालायचं अप्पांच्या मनात आधीच नव्हतं. आठ-पंधरा दिवसांनी ते म्हणाले, "पोरीच्या डोक्यात कायबी शिरंना म्हणायलाय मास्तर. उद्यापासून शेतात येऊ दे तिला."

मी म्हणालो, "तिला येतंय, अप्पा. मलाच येईना. मला गुलबर्ग्याला मामाकडं धाडा, डाळीच्या गिरणीत. तिला जाऊ द्या."

 अप्पा म्हणाले, "बघतो महिनाभर. तिला आलं तर आलं."

गुलबर्ग्याला निघालो त्या दिवशी मोटारीला वेळ होता. बोचकं घेऊन शाळेच्या भिंतीमागं उभा राहिलो. आत मास्तर विचारत होते, "तेरा सत्ते?" कुणीतरी काहीतरी चुकीचं सांगितलं.

मग धाकटीचा आवाज आला, मोठ्यानं. "एक्क्याण्णव."

"ऊठ. दे त्याला."

मी श्वास धरून ऐकत राहिलो. थोडा वेळ काहीच नाही. मग चापट वाजली, चांगली खणखणीत, आणि मी बोचकं उचलून मोटारीकडं निघालो.