रामाकोन्याची पानं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. कुठून सुरू करू — तेच कळत नाही.

ऐंशीनंतरची वर्षं. सौंसरकडे संत्र्याची झाडं उभ्याउभी वाळत होती. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे मुळं कुजतात, कुणी म्हणे जमिनीतच काही कमी आहे. नागपूरहून एक शास्त्रज्ञ यायचे. त्यांना विषाणूचा संशय होता. मी नुकताच बी.एस्सी. झालेला, त्यांचा तात्पुरता सहायक. बागांतून पानं तोडायची, कागदी पाकिटांत भरायची, वर बागेचा नंबर लिहायचा — एवढंच माझं काम. एवढंच!

एके दिवशी सकाळी लोधीखेड्याची आणि दुपारी रामाकोन्याची पानं घेतली. परतीच्या बसमध्ये कुणाची तरी पाण्याची छागल माझ्या पिशवीवर गळत राहिली. सौंसरला उतरून पाहतो, तर नंबरांची शाई पसरलेली. कोणती पानं कुठली? पुन्हा जाता आलं असतं. मग का गेलो नाही? साहेब रागावतील म्हणून? की निव्वळ कंटाळा? — मला अजून धड सांगता येत नाही. मी नवी पाकिटं घेतली आणि अंदाजाने नंबर टाकले.

काही आठवड्यांनी निकाल आला. रामाकोन्याच्या पानांत रोग, लोधीखेड्याची स्वच्छ. रामाकोन्याची बाग यशोदाबाईची. लहानशीच, नवरा गेल्यावर तिने एकटीने वाढवलेली. साहेब म्हणाले, झाडं तोडून जाळायला सांग, नाहीतर आजूबाजूला पसरेल. निरोप घेऊन मी गेलो. तिने एक पान उलटसुलट करून पाहिलं.

“भाऊ, पक्कं हाय ना? मले तं झाडं चांगले दिसून राहिले.”

“पक्कं आहे, बाई.”

दोन दिवसांत बाग तोडली.

पावसाळ्यात खुंटांना तजेलदार पालवी फुटली. मी हादरलो. पण ती तर खालच्या जंबेरीची — जिच्यावर संत्र्याचा डोळा बांधतात, तिची — फूट. तिच्यावरून काय ठरवणार? पुढे लोधीखेड्याची बाग वाळली. म्हणजे पाकिटं उलटी झाली होती? पण तोवर आसपासच्या कितीतरी बागा वाळल्या होत्या. कदाचित माझे नंबर बरोबरही असतील. साहेबांच्या अहवालात ते निकाल छापलेले आहेत — खरे की खोटे, मलाही माहीत नाही.

एका हिवाळ्यात यशोदाबाई सौंसरच्या स्टँडवर दिसली. दुसऱ्याच्या बागेत संत्री तोडायला निघाली होती. तिनेच हाक मारली, बाकावर सरकून जागा दिली.

“मंग भाऊ, सायबाले कारण सापडलं का?”

“शोधून राहिले,” मी म्हणालो.

तिची बस यायला बराच वेळ होता. शेजारी दुसरं कुणी नव्हतं. मी तिला विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना.