मधला चेंडू

आम्हा म्हाताऱ्या टेनिसवाल्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून कोर्टाला लागून असलेल्या व्हरांड्यात वाचन मंडळ काढलं. पुस्तकं फक्त टेनिसवरची. कल्पना श्यामची, डबल्समधल्या माझ्या जोडीदाराची. पहिल्या बैठकीआधीच तो गेला. पुस्तकं येऊन पडली होती, म्हणून बैठक झाली.

बाकावर मी सवयीने उजवीकडे सरकून बसलो. डावी बाजू त्याची. तिथे कुणी बसलं नाही. कुलकर्णीबाई एका सामन्याचं वर्णन मोठ्याने वाचू लागल्या, आणि ऐकणाऱ्यांच्या माना नकळत इकडून तिकडे वळायला लागल्या. मला हसू आलं नाही. रडूही नाही. बधिर केलेल्या दाढेवरून जीभ फिरवावी, तसा मी अधूनमधून डावीकडे बघत होतो.

चेंडू दोघांच्या मधोमध आला की एकाने ओरडायचं असतं. आमच्यात तोच ओरडायचा, "सोड, माझा!" मी सोडायचो. माणूस गेला की त्याची बाजू रिकामी होते, एवढं कळतं. मधल्या जागेचं काय करायचं असतं?

बाईंनी पुस्तक माझ्या डावीकडे बाकावर ठेवलं. "पुढचं कोण वाचतंय?"

हात लांबवला असता तर पोचला असता. मी सोडलं.